व्यवस्थापन माहितीकोश, संगणक जाळ्यांचा

संगणकांच्या जाळ्यातील स्विच, राउटर यांसारख्या उपकरणांना दूरवरून कोणती माहिती विचारता येईल, ती कोणत्या नावाने व क्रमांकाने ओळखली जाईल आणि तिचे स्वरूप काय असेल, हे ठरवून देणाऱ्या वर्गीकृत सूचीस व्यवस्थापन माहितीकोश म्हणतात. मॅनेजमेंट इन्फर्मेशन बेस या इंग्रजी नावावरून एमआयबी हे संक्षिप्त नाव रूढ झाले आहे. कोश म्हटले, तरी हा आकड्यांचा साठा नव्हे. प्रत्यक्ष मूल्ये उपकरणातच असतात. उपकरणात चालणारा एजंट नावाचा लहान कार्यक्रम देखरेख करणाऱ्या संगणकाच्या प्रश्नांना उत्तरे देतो. गंभीर घटना घडल्यास तो आपण होऊनही सूचना पाठवतो. तिला ट्रॅप म्हणतात.

सूचीची रचना वृक्षासारखी असून मुळापासून प्रत्येक फांदीला क्रमांक असतो. उदा., सर्वमान्य बाबी १.३.६.१.२.१ या फांदीखाली येतात, तर १.३.६.१.४.१ या फांदीखाली प्रत्येक उत्पादकास स्वतंत्र क्रमांक मिळतो.

पार्श्वभूमी : अमेरिकेत १९६९ मध्ये सुरू झालेल्या आर्पानेट जाळ्यातील संदेशांची वाट ठरविणारी यंत्रे बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या एकाच कंपनीने बनविली होती. ही यंत्रे आपल्या स्थितीचे अहवाल केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील नियंत्रण केंद्राकडे नियमितपणे पाठवीत. यंत्रभागातील लहान बिघाड किती दूर पोहोचू शकतो, हे २७ ऑक्टोबर १९८० रोजी दिसून आले. प्रत्येक यंत्र आपल्या जोडण्यांची स्थिती इतरांना कळविताना त्या संदेशास क्रमांक देई. सदोष यंत्रभागामुळे क्रमांकातील बिटे गळून ४४, ४० व ८ अशा क्रमांकांचे तीन संदेश एकाच वेळी पसरले. क्रमांक चक्राकार मोजले जात असल्याने ४४ हा ४० पेक्षा, ८ हा ४४ पेक्षा व ४० हा ८ पेक्षा नवा ठरला. परिणामी तेच संदेश अखंड फिरत राहिले आणि संपूर्ण जाळे काही तास निरुपयोगी झाले. संदेशाच्या प्रवासात होणाऱ्या चुका ओळखण्याची सोय होती. यंत्राच्या स्मृतीत घडलेली चूक मात्र तिच्या कक्षेत येत नव्हती.

प्रमाणीकरण : आर्पानेटने १ जानेवारी १९८३ रोजी टीसीपी/आयपी ही नियमावली स्वीकारली. त्यानंतर अनेक उत्पादकांची उपकरणे परस्परांना जोडली जाऊ लागली व एका कंपनीची खाजगी अहवालपद्धती अपुरी पडू लागली. १९८७ मध्ये गेटवे यंत्रांवरील देखरेखीसाठी एसजीएमपी ही साधी, तर हेम्स ही अधिक व्यापक पद्धती मांडण्यात आली. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची सीएमआयपी पद्धतीही स्पर्धेत होती. १९८८ मध्ये इंटरनेट ॲक्टिव्हिटीज बोर्डाने यावर विचार केला. मतैक्य साधावे म्हणून हेम्सचे एक कर्ते क्रेग पार्ट्रिज यांनी आपला प्रस्ताव मागे घेतला. तत्काळ वापरासाठी एसजीएमपीवर आधारित एसएनएमपी व पुढील काळासाठी सीएमआयपी असा तोडगा निघाला. दोहोंसाठी माहितीकोश मात्र एकच असावा, असे ठरले. पुढे ही एकतेची अट १९८९ मध्ये सोडण्यात आली आणि व्यवहारात एसएनएमपीच टिकली.

पहिला माहितीकोश ऑगस्ट १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्पादकांना तो सहज अंमलात आणता यावा, म्हणून बाबींची संख्या सु. १०० पर्यंत मर्यादित ठेवण्याचा विचार झाला. प्रत्येक बाबीचा प्रत्यक्ष उपयोग दाखविणेही आवश्यक मानले गेले. या संयमामुळेच त्याचा झपाट्याने प्रसार झाला. मार्च १९९१ मध्ये त्याची सुधारित दुसरी आवृत्ती आली. तिच्यात प्रत्येक पोर्टमधून गेलेली माहिती, चुकीची व टाकून दिलेली पॅकेटे इत्यादींची गणित्रे होती. ही गणित्रे ३२ बिटांची असल्याने ४,२९,४९,६७,२९५ नंतर पुन्हा शून्यावर येत. सेकंदास १ कोटी बिटे या वेगाच्या पूर्ण भरलेल्या जोडणीवर यास सु. ५७ मिनिटे लागत. १०० कोटी बिटांच्या वेगास केवळ ३४ सेकंद पुरत. पाच मिनिटांनी एकदा वाचन घेणाऱ्यास अशा वेगवान जोडणीवर गणित्राने किती फेरे पूर्ण केले, हे कळणे अशक्य होते. म्हणून १९९४ पासून ६४ बिटांची गणित्रे समाविष्ट करण्यात आली.

यंत्रभागांची नोंद : कल्पना या अमेरिकन कंपनीने १९९० मध्ये सात पोर्टांचा इथरनेट स्विच बाजारात आणला. पुढे स्विचांचा वापर वाढला आणि देखरेखीचा विषयही विस्तारला. कोणत्या पोर्टामागे कोणते उपकरण आहे, हे स्विचने शिकलेल्या पत्त्यांच्या कोष्टकावरून कळू लागले. तथापि आरंभीच्या माहितीकोशात उपकरण म्हणजे पोर्टांचा समूह एवढीच कल्पना होती. पंखा, विद्युत् पुरवठा व तापमान यांना सामाईक सूचीत स्थान नव्हते. उत्पादकांनी या बाबी स्वतःच्या फांदीखाली नोंदविल्या. त्यामुळे एकच प्रश्न प्रत्येक बनावटीस वेगळ्या क्रमांकाने विचारावा लागे.

ही उणीव महत्त्वाची होती. दोन विद्युत् पुरवठा एककांपैकी एक बंद पडले, तरी दुसऱ्यावर स्विच चालू राहतो व वाहतुकीच्या गणित्रांत काहीच फरक दिसत नाही. पहिला बिघाड कोणाच्या लक्षात आला नाही, तर दुसरा बिघाड सर्व जोडण्या एकदम तोडतो. ऑक्टोबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एंटिटी एमआयबीने सांगाडा, खण, पंखे, विद्युत् पुरवठा, सुटे भाग व पोर्ट यांची नोंद सुरू केली. कोणता भाग कोणत्या भागात बसविलेला आहे, हेही तीत वंशावळीप्रमाणे दाखविले जाते. डिसेंबर २००२ मध्ये संवेदकांसाठी स्वतंत्र कोश आला. त्यामुळे तापमान, विद्युत् दाब, प्रवाह व पंख्याची गती यांची मूल्ये, तसेच संवेदक स्वतः कार्यक्षम आहे की नाही, हे ठरीव पद्धतीने वाचता येऊ लागले.

मर्यादा : एजंट स्विचमध्येच चालत असल्याने स्विच पूर्ण बंद पडल्यास उत्तर येत नाही, त्या मौनावरूनच अनुमान काढावे लागते. एसएनएमपीच्या प्रारंभीच्या आवृत्तीत परवलीचा शब्द उघडपणे पाठविला जाई आणि अनेक ठिकाणी ‘पब्लिक’ हा मूळचा शब्द तसाच राही. फेब्रुवारी २००२ मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठाच्या चाचण्यांतून अनेक उत्पादकांच्या एजंटांतील दोष उघड झाले. गुप्तता व ओळखपडताळणी असलेली तिसरी आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये पूर्ण मानक म्हणून प्रसिद्ध झाली.

जून २००२ मध्ये झालेल्या तज्ञांच्या कार्यशाळेत ही पद्धती देखरेखीसाठी उपयुक्त असली, तरी उपकरणांची मांडणी बदलण्यासाठी फारशी वापरली जात नाही, असे आढळले. त्यातून नेटकॉन्फ (२००६) व यांग (२०१०) या नव्या व्यवस्था पुढे आल्या. मार्च २०१८ मध्ये यांग भाषेत यंत्रभागांचे जे प्रारूप प्रसिद्ध झाले, ते एंटिटी एमआयबीच्याच मांडणीवर आधारलेले आहे. माहिती विचारण्याची भाषा बदलली, तरी यंत्राने स्वतःविषयी काय सांगावे, याची १९९६ मध्ये ठरलेली रूपरेषा अशा प्रकारे टिकून राहिली आहे.