अटलांटा : दफनभूमी व अंत्यविधिगृहे

अटलांटा : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी जॉर्जिया राज्याची राजधानी. लोहमार्गाच्या अखेरच्या ठाण्याभोवती १८३७ च्या सुमारास वसू लागलेल्या या शहराचा बराच भाग यादवी युद्धात, १८६४ मध्ये, जनरल शर्मनच्या फौजेने जाळून टाकला. त्यामुळे युद्धपूर्व वस्तीचा माग काढू इच्छिणाऱ्या अभ्यासकास येथे हवेल्यांपेक्षा कबरींवरच अधिक विसंबावे लागते.

नगरपालिकेने १८५० मध्ये सहा एकर जमीन घेऊन स्थापन केलेली व १८७२ पासून ‘ओकलंड’ या नावाने ओळखली जाणारी दफनभूमी पुढे अठ्ठेचाळीस एकरांपर्यंत विस्तारली. सुमारे सत्तर हजार मृतांत दक्षिणेच्या फुटीर संघराज्यासाठी लढलेले ६,९०० च्या आसपास सैनिक येथे आहेत; त्यांतील तीनेक हजार अनामिकांच्या स्मरणार्थ १८९४ मध्ये कोरलेला घायाळ सिंह, तो गुलामगिरीच्या पक्षाचा गौरव करतो या आक्षेपावरून, २०२१ मध्ये हलविण्यात आला. ‘गॉन विथ द विंड’च्या लेखिका मार्गारेट मिचेल (मृत्यू १९४९) येथे आपल्या विवाहोत्तर ‘मार्श’ या नावाने, तर गोल्फपटू बॉबी जोन्स (मृत्यू १९७१) थोड्या अंतरावर विसावले आहेत. जोन्स यांच्या कबरीवर भाविक गोल्फचे चेंडू ठेवून जातात.

वर्णभेदाची वहिवाट मात्र मृत्यूनंतरही सुटली नाही. गुलामांना ओकलंडच्या मागील कोपऱ्यात पुरत असत, आणि गोऱ्यांस विकण्यासाठी ती जागा हवीशी वाटू लागताच १८७७ मध्ये नगरपालिकेच्या हुकमाने त्यांचे अवशेष उकरून कृष्णवर्णीयांच्या दूरच्या विभागात नेण्यात आले. जिवंतपणी मालकीचा हक्क नाकारला गेलेल्यांना साडेतीन हात जमिनीचाही कायम कबजा लाभला नाही. शहरातील दफनभूमीत अंत्ययात्रा नेतानाही कृष्णवर्णीयांना मागच्या दारानेच जावे लागे. या अवमानाला कंटाळून, ज्यांपैकी काहींनी स्वतः दास्य भोगलेले होते अशा गृहस्थांनी १८८६ मध्ये राज्याकडून सनद मिळवून शहराच्या दक्षिणेस ‘साउथ व्ह्यू’ ही स्वतःची दफनभूमी उभारली. दासपुत्र म्हणून जन्मलेले, केशकर्तनालयाच्या धंद्यातून वर येऊन १९०५ मध्ये ‘अटलांटा लाइफ’ या विमासंस्थेचा पाया घालणारे अलोन्झो हर्नडन (१८५८–१९२७) तिथे आहेत. समाजाचे पुढारी जॉन वेस्ली डॉब्स हेही तिथेच. त्यांचे नातू मेनार्ड जॅक्सन, १९७३ च्या निवडणुकीत विजयी होऊन शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झालेले, २००३ मध्ये ओकलंडमध्ये पुरले गेले: आजोबांपासून नातवापर्यंत शहर किती बदलले, याचे याहून चोख मोजमाप दप्तरांत सापडणार नाही.

अंत्यविधीचा व्यवसायही वर्णानुसार विभागलेला होता, आणि हा अन्याय, विचित्रपणे, कृष्णवर्णीय व्यावसायिकांच्या पथ्यावर पडला. त्यांचे गिऱ्हाईक स्वजातीयच असल्याने गोऱ्या मालकाच्या वा पेढीच्या मर्जीवर त्यांचा चरितार्थ अवलंबून नव्हता. म्हणून हे लोक चर्चच्या पाद्र्यांच्या बरोबरीने समाजाचे आश्रयदाते ठरले. दास म्हणून जन्मलेले डेव्हिड टी. हॉवर्ड याच धंद्यात संपन्न झाले; त्यांच्या नावाच्या शाळेत मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) व मेनार्ड जॅक्सन शिकले.

किंग यांच्या १९६८ मधील अंत्यविधीची व्यवस्था शहरातील ‘हॅन्लीज’ या कृष्णवर्णीय अंत्यविधिगृहाने पाहिली. एबेनेझर या त्यांच्या चर्चमधून शवपेटी खेचरांच्या साध्या गाडीतून मोरहाउस महाविद्यालयापर्यंत नेण्यात आली. तेथे अंत्यभाषण करणारे त्यांचे गुरुतुल्य, महाविद्यालयाचे माजी अध्यक्ष बेंजामिन मेज, हे १९३६ च्या अखेरीस वर्ध्याला येऊन गांधीजींशी अहिंसेविषयी चर्चा करून गेले होते. स्वतः किंगही १९५९ मध्ये भारतात आले असता मुंबईत मणिभवनात राहिले होते. ९ एप्रिल रोजी साउथ व्ह्यूमध्ये पुरलेला किंग यांचा देह १९७० मध्ये एबेनेझरशेजारच्या जागेत हलविण्यात आला. मेज यांचे अवशेषही कालांतराने साउथ व्ह्यूतून मोरहाउसच्या आवारात नेण्यात आले. किंग यांचे आईवडील मात्र साउथ व्ह्यूमध्येच राहिले. त्यांच्या मातोश्री अल्बर्टा १९७४ मध्ये एबेनेझरमध्ये ऑर्गन वाजवीत असतानाच एका माथेफिरूच्या गोळीस बळी पडल्या होत्या.

साउथ व्ह्यू आजही वापरात आहे. अमेरिकी काँग्रेसचे सदस्य व नागरी हक्कांचे लढवय्ये जॉन लुइस यांना २०२० मध्ये, तर ७५५ होमरन नोंदविणारे बेसबॉलपटू हँक आरन यांना २०२१ मध्ये तेथेच मूठमाती देण्यात आली.