वस्त्र-परिमाण : आनंद श्रावकापासून आपल्या कपाटापर्यंत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा इतिहासपर लेख द्यावा, अशी आपल्या ट्रस्टच्या विश्वस्तांची सूचना आली तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्य गेले कापडाच्या गादीवर, तागे उलगडण्यात आणि मीटर मोजण्यात. शास्त्राभ्यास म्हणावा असा नाही. चातुर्मासात व्याख्यानाला बसून जे कानांवर पडले आणि स्वाध्यायात जे वाचले, तेवढीच पुंजी. तथापि एक विषय असा आहे, जो शास्त्रातही आहे आणि माझ्या दुकानातही. गृहस्थाने स्वतःच्या वापरासाठी किती वस्त्रे बाळगावीत, हा तो विषय. कापड विकणाऱ्यानेच हा प्रश्न विचारावा हे काहीसे विचित्र दिसेल. परंतु ज्याने चाळीस वर्षे लोकांना कापड घेताना पाहिले, त्याला या प्रश्नाची थोडीफार जाण असणारच.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा सर्वांत स्पष्ट उल्लेख उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाच्या चरित्रात आढळतो. वाणिज्यग्रामचा हा गाथापती काही गरीब नव्हता. बारा कोटी सुवर्णमुद्रा, चाळीस हजार गाई, पाचशे नांगरांची शेती आणि शेकडो गाडे असा त्याचा विस्तार. भगवान महावीरांसमोर त्याने श्रावकाची बारा व्रते घेतली. हे धन त्याने टाकून दिले नाही. त्याला मर्यादा घातली. त्यानंतर तो नित्याच्या वापरातील वस्तूंकडे वळला. अंग पुसण्याचे वस्त्र कोणते, दातवण कोणते, स्नानाला पाणी किती घडे, विलेपन कोणते, फुले कोणती, हे त्याने एकेक करून ठरविले. वस्त्रांची पाळी आली तेव्हा कापसाच्या वस्त्रांची एक जोडी ठेवून इतर सर्व वस्त्रांचा त्याने त्याग केला. बारा कोटींचा धनी आणि वस्त्रांची एक जोडी! व्यापाऱ्याच्या नजरेतून मला यात एक गोष्ट विशेष दिसते. आनंदाने 'मी साधेपणाने राहीन' असे मोघम वचन दिले नाही. त्याने आकडा सांगितला. ज्या गोष्टीचा आकडा नाही, तिचा हिशेब लागत नाही.

दिगंबर परंपरेतही कापडाची नोंद तितकीच काटेकोर आहे. तत्त्वार्थसूत्रात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगताना शेत, घर, सोने, धान्य यांच्याबरोबर 'कुप्य' असा शब्द येतो. आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ सांगताना रेशमी व सुती वस्त्रांचा समावेश केला आहे. म्हणजे ज्या वहीत आपण सोने आणि जमीन लिहितो, त्याच वहीत कापडही लिहावयाचे आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात तर वस्त्राला दृष्टान्ताचे स्थान मिळाले आहे. एकदा वापरून संपते ते भोग, जसे अन्न. आणि पुनःपुन्हा वापरता येते ते उपभोग, जसे वस्त्र. श्वेतांबर परंपरेत या दोन संज्ञा थोड्या वेगळ्या रीतीने वापरल्या जातात, पण भेद तोच आहे. शिवाय आजचा दिवस, पंधरवडा, महिना, ऋतू अशा मुदतीने नियम घेण्याची सोयही समंतभद्रांनी सांगितली आहे. आपल्यापैकी जे दररोज चौदा नियम धारण करतात त्यांना ठाऊक आहे की, आज किती वस्त्रे वापरीन हाही त्यांतील एक नियम असतो.

वस्त्राची ही व्याख्या मी पुष्कळदा मनात घोळविली आहे. पुनःपुन्हा वापरावयाची वस्तू ती वस्त्र. मग जे वस्त्र एकदा लग्नात नेसून पाच वर्षे कपाटात पडले, ते कशात मोडते? अन्नासारखे ते संपले नाही, आणि वस्त्रासारखे ते वापरातही नाही. ते उपभोगातून निघाले आणि केवळ परिग्रहात उरले. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर हा पडून राहिलेला माल होय. फरक इतकाच की दुकानातील असा माल आम्हाला खुपतो, घरातील खुपत नाही.

त्यागीजनांच्या बाबतीत तर संख्येचा क्रम पायरीपायरीने उतरत जातो. आचारांग सूत्रात तीन वस्त्रांचा, दोन वस्त्रांचा, एका वस्त्राचा आणि अखेर निर्वस्त्र अशा भिक्षूंचे वर्णन आहे. हिवाळा सरून उन्हाळा लागला की जीर्ण वस्त्रे सोडून द्यावीत, असेही तेथे सांगितले आहे. दिगंबर आम्नायात क्षुल्लकांजवळ लंगोट व एक खंडवस्त्र, ऐलकांजवळ केवळ लंगोट, आर्यिका माताजींजवळ एक शुभ्र साडी, आणि मुनिराज तर दिगंबरच. आपण गृहस्थ या जिन्याच्या तळाशी उभे आहोत. पण जिना तोच आहे, हे विसरता कामा नये.

आता शास्त्राकडून बाजारपेठेकडे वळतो. जुन्या काळी सामान्य माणसाला वस्त्रांची मर्यादा घालण्यासाठी व्रताची फारशी गरज पडत नसे. परिस्थितीच ती घालीत असे. धोतर जोडीने विकले जाई. एक अंगावर, एक वळणीवर. घरोघरी कपाटे नव्हती. एक पत्र्याची ट्रंक आणि एक दांडी एवढ्यात सर्व कुटुंबाचे कपडे मावत. शिंप्याकडे वर्षातून एक-दोनदा, दिवाळीला किंवा घरच्या कार्याला जाणे होई. सुती कापड धुवून धुवून विरे. विरलेल्या धोतराचे पंचे होत, लुगड्यांची गोधडी होई, उरलेल्यांची बाळोती होत आणि त्यातूनही जे वाचे ते बोहारणीच्या टोपलीत जाऊन घरात एखादे पातेले येई.

पुढे एक काळ असा आला की सरकारनेच मर्यादा घातली. दुसऱ्या महायुद्धात कापडाचे भाव कडाडले, तेव्हा १९४३ च्या जून महिन्यात सुती कापड व सूत नियंत्रण आदेश निघाला. गिरणीच्या कापडावर कमाल किरकोळ भावाचा शिक्का आला. ठिकठिकाणी कार्डावर कापड मिळू लागले आणि दुकानांपुढे रांगा लागल्या. स्वातंत्र्यानंतर नियंत्रणे उठवावीत असा आग्रह महात्मा गांधींनी धरला आणि जानेवारी १९४८ मध्ये कापडावरील नियंत्रण उठले. त्यानंतर भाव इतके चढले की त्याच वर्षी, काही महिन्यांतच, सरकारला पुन्हा नियंत्रण आणावे लागले.

हा इतिहास पुस्तकांत आहे. त्यातील एक लहान पान आमच्या घरचे आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. नियंत्रण उठणार अशी कुणकुण लागताच आमच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर मांजरपाटाचे काही तागे मागे ठेवले गेले. माझे वडील तेव्हा विशीच्या आत-बाहेर होते आणि गादीवर बसू लागले होते. एके सकाळी एक गृहस्थ प्रेतासाठी कापड मागावयास आले. आजोबांकडे पाहून वडिलांनी उत्तर दिले, "माल नाही." ते गृहस्थ काही न बोलता पायऱ्या उतरून गेले. वडिलांनी ही हकिकत आम्हाला त्यांच्या उतारवयात, एका संवत्सरीच्या सायंकाळी सांगितली. म्हणाले, "तागे वर होते आणि मी खाली खोटे बोललो. पुढे त्या ताग्यांना भाव चांगला आला. तो पैसा कशात गेला ते आठवत नाही. त्या माणसाची पाठ आठवते."

त्यानंतर काही वर्षांनी एका चातुर्मासात वडिलांनी परिग्रह-परिमाण व्रत घेतले. त्यांची ती लहानशी वही माझ्यापाशी आहे. जमीन, रोकड, सोने यांच्या खाली कपड्यांची ओळ आहे : धोतरे ४, सदरे ४, कोट १, टोप्या २, पंचे २. अखेरपर्यंत ही संख्या बदलली नाही. नवे धोतर घरात आले की जुने त्याच दिवशी बाहेर जाई. आणि ते फाटण्याची वाट न पाहता, दुसऱ्याला लाजेवाचून नेसता येईल अशा अवस्थेत जाई. फाटके देणे म्हणजे दान नव्हे, ती घराची झाडलोट, असे ते म्हणत.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला त्यांतील अर्थ उमगतो. सरकारची मर्यादा बाहेरून आली होती. म्हणून तिच्यातून पोटमाळा निघाला, आणि ती उठताच दडपलेली हाव उसळली. वडिलांची मर्यादा आतून आली होती. तिच्यावर कोणाचा पहारा नव्हता आणि तिला पळवाटही नव्हती. गांधीजींच्या जीवनातही याचे एक उदाहरण आहे. १९२१ च्या सप्टेंबरमध्ये मदुराई येथे त्यांनी सदरा-टोपी सोडून केवळ पंचा स्वीकारला. तसे करण्याची सक्ती त्यांच्यावर कोणी केली नव्हती.

मी बी.कॉम. होऊन दुकानात बसू लागलो त्या सुमारास, १८ जानेवारी १९८२ पासून, मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. जुने व्यापारी म्हणत होते, आता पुन्हा रांगा लागतील. तसे काही झाले नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या मालाने आमची फडताळे भरलेली राहिली. त्याआधीच टेरीन, टेरिकॉट आले होते. हे कापड विरत नाही, विटतही नाही. मागाहून तयार कपड्यांची लाट आली आणि शिंप्याकडे लागणारा वेळही वाचला. घरात ट्रंकेच्या जागी लोखंडी कपाट आले, मग भिंतभर लाकडी कपाट आले. म्हणजे टंचाई गेली, झीज गेली, प्रतीक्षा गेली आणि जागेची अडचणही गेली. जुन्या माणसांना नकळत आवरणारे चारही लगाम एका पिढीत सुटले. आता एकच लगाम उरला आहे, तो म्हणजे आपण स्वतः म्हटलेला आकडा.

गेल्या पर्युषणात मी स्वतःचे कपाट उघडून मोजदाद केली. वर्षअखेरीस दुकानाचा साठा मोजतो तशीच, कागद-पेन्सिल घेऊन. सदरे ५८, विजारी २३, झब्बे १४, कोट-जाकिटे ६, पूजेची वस्त्रे ३ जोड. त्यातील ज्यांना वर्षभरात हात लागला नव्हता ती बाजूला काढली, तर निम्म्याहून अधिक निघाली. वडिलांची वही त्याच कपाटाच्या वरच्या खणात होती. मी बराच वेळ पलंगावर बसून राहिलो.

वडिलांचा आकडा मला पेलणारा नाही, हे मी जाणतो. उसना आकडा घेऊन व्रत होत नाही. म्हणून माझ्या गरजेचा विचार करून मी सदरे १२, विजारी ६, झब्बे ४, कोट १ आणि पूजेची वस्त्रे २ जोड असे परिमाण ठरविले. यात पळवाटा किती सुचतात हेही अनुभवले. मनात आले, जास्तीचे सदरे चिरंजीवांच्या कपाटात ठेवावेत. तेव्हा बाराव्या शतकातील हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्राचे स्मरण झाले. संख्या पाळण्यासाठी दोन शेतांमधील कुंपण काढून त्यांचे एक शेत करणे, दोन भांड्यांचे मिळून एक मोठे भांडे करणे, वस्तू दुसऱ्याकडे ठेवावयास देणे, असल्या युक्त्यांना त्यांनी अतिचारांत गणले आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या आचार्यांना आम्हा व्यापाऱ्यांची बुद्धी चांगली ठाऊक होती म्हणावयाची!

चिरंजीवांनी हा मजकूर वाचला आणि हसून म्हणाले, "बाबा, स्मरणिकेत द्या, पण दुकानात लावू नका." त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. माझ्या लेखाने चार गिऱ्हाइके कमी आली, तर ते नुकसान घरचेच. परंतु मला वाटते, ज्याला खरोखर सदऱ्याची गरज आहे त्याला तो चांगला आणि वाजवी भावात मिळावा, एवढ्यावर दुकान चालू शकते. पोटमाळ्यावर चालणारे दुकान माझ्या वडिलांनी पाहिले होते, आणि ते त्यांना पुरे झाले होते.

सुज्ञ श्रावक-श्राविकांना एवढीच नम्र विनंती आहे. आनंद श्रावकाची एक जोडी किंवा माझ्या वडिलांची चार धोतरे तुम्ही घ्यावीत असे नाही. माताभगिनींची गरज वेगळी, नोकरी करणाऱ्या तरुणांची वेगळी. शास्त्राने सर्वांना एकच आकडा सांगितलेला नाही. तो आपला आपण सांगावयाचा आहे. येत्या संवत्सरीपूर्वी एकदा कपाट उघडावे, मोजावे आणि एक संख्या वहीत लिहावी. मोठी लिहिली तरी चालेल, पण लिहावी. लिहिलेली संख्या पुढच्या वर्षी कमी करता येते, न लिहिलेली मात्र वाढतच राहते.

अल्पमतीने लिहिताना जिनवाणीच्या विरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.