अ‍ॅनामॉर्फिक चित्र : रूपांतरात चौकट का बिघडते?

बंगळुरातील चामराजपेटनजीकच्या शंकरपुरम भागात ७ एप्रिल २०१४ रोजी ज्येष्ठ छायालेखक व्ही. के. मूर्ती यांचे निधन झाले. गुरुदत्त यांच्या 'कागज के फूल' (१९५९) या भारतातील पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटाचे छायालेखन त्यांचे होते. ओसाड स्टुडिओतील एकाकी दिग्दर्शक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला अंधार, हे त्या रुंद चौकटीचेच सामर्थ्य. असे चित्रपट संगणकावर रूपांतरित करताना नेमकी ही चौकटच बिघडते आणि पडद्यावरची माणसे काठीसारखी उंच, बारीक दिसू लागतात.

सिनेमास्कोपचे भिंग रुंद दृश्य आडव्या दिशेने निम्मे दाबून ३५ मिलिमीटर फिल्मवर उतरवीत असे. प्रक्षेपकाचे भिंग ते पुन्हा दुप्पट पसरवी. अ‍ॅनामॉर्फिक तंत्र म्हणतात ते हेच. डीव्हीडीने ते वेगळ्या रीतीने उचलले.

भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र सहसा ७२० बाय ५७६ बिंदूंचे असते. हे बिंदू चौरस नसतात. चित्र ४:३ दाखवायचे की १६:९, याची खूण फाइलमध्ये स्वतंत्र नोंदलेली असते. पहिल्या खुणेनुसार रुंदी सुमारे ७६८ बिंदूंइतकी होते, दुसरीनुसार १०२४. रूपांतर करणाऱ्या प्रणालीने ही खूण वाचलीच नाही, तर चित्र ५:४ या प्रमाणात, म्हणजे दोन्हींहून अरुंद दिसते.

एवढा खटाटोप कशासाठी? २.३५:१ प्रमाणाचा चित्रपट ४:३ चौकटीत बसविला, तर वरखाली काळ्या पट्ट्या जाऊन चित्राला जेमतेम ३२७ ओळी उरतात. १६:९ अ‍ॅनामॉर्फिक चौकटीत त्याच ४३६ होतात.

रूपांतराच्या वेळी दोन मार्ग असतात. मूळ ७२० बाय ५७६ आकार कायम ठेवून खूण नव्या फाइलमध्ये न्यावी. हँडब्रेकसारख्या प्रणालीत 'अ‍ॅनामॉर्फिक' नावाची सोय त्यासाठीच आहे. यात तपशील सर्वांत कमी हरवतो. मात्र काही जुनी उपकरणे खूण मानत नाहीत. त्यांच्यासाठी बिंदू चौरस करून १०२४ बाय ५७६ असा आकार घ्यावा.

खरी फसगत काळ्या पट्ट्या कापताना होते. पट्ट्या गेल्यावर चौकट १६:९ राहत नाही. तरीही तीच खूण हाताने दिली, तर चित्र उभे ताणले जाते. तेथे १०२४ बाय ४३६ हेच प्रमाण हवे.

केवळ खूण चुकली असेल, तर ती पुढेही दुरुस्त करता येते. चित्रच चुकीच्या आकारात नव्याने साठवले, तर गेलेला तपशील परतत नाही. लग्नाच्या जुन्या ४:३ व्हिडिओ कॅसेटींबाबत हे विशेष जपावे. रुंद टीव्ही भरावा म्हणून त्या १६:९ मध्ये ताणू नयेत. मूळ प्रत पुसण्याआधी घड्याळाची तबकडी किंवा गाडीचे चाक समोरून दिसणारा मिनिटभराचा भाग रूपांतरित करून पाहावा. ते गोल दिसले, तरच उरलेले काम हाती घ्यावे.