भिंत आधी, हिशेब नंतर : लिनक्स कंटेनरची गोष्ट

एका यंत्रावर अनेक बिऱ्हाडं कशी राहायला लागली, याचा इतिहास आज आपण बघणार आहोत. 'बिऱ्हाड' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतोय. ज्यांचं बालपण सदाशिव किंवा नारायण पेठेतल्या वाड्यात गेलं, त्यांना फार समजावून सांगायची गरज नाही. जोतं एक, छप्पर एक, चौकातला नळ एक. पण प्रत्येकाची चूल वेगळी, दाराचं कुलूप वेगळं. लिनक्सचा सिस्टीम कंटेनर म्हणजे जवळजवळ हेच. कर्नल एकच, तो होस्टचा. त्यावर दहा-वीस कंटेनर. आत गेलात तर प्रत्येक कंटेनर आपल्याला स्वतंत्र मशीन वाटतो : स्वतःचा आयपी पत्ता, स्वतःचे वापरकर्ते, स्वतःच्या सेवा. डॉकरमध्ये साधारणपणे एकच प्रोग्रॅम डब्यात बंद करून चालवतात. इथे अख्खं बिऱ्हाड असतं.

याच्या शेजारी व्हर्च्युअल मशीन ठेवून बघा. तो स्वतंत्र बंगला. त्याचा कर्नल वेगळा, त्याच्या भिंती जाड, आणि म्हणून त्याला जागाही जास्त लागते. आजच्या होस्टवर दोन्ही शेजारी-शेजारी चालतात. प्रश्न असा की बंगला बांधता येत असताना लोक वाड्यात का राहायला गेले, आणि तिथे नांदायला त्यांना इतकी वर्षं का लागली?

पुण्याचा संगणकाचा जो इतिहास आपल्याला ठाऊक आहे, तो नेमका उलट्या दिशेचा आहे. १९८८ मध्ये इथे सी-डॅक स्थापन झालं, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. ट्रान्सप्युटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडून एक मोठं यंत्र करायचं, ही त्यामागची कल्पना. तेव्हा काम मोठं होतं आणि यंत्र अपुरं होतं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत साध्या सर्व्हरची ताकद इतकी वाढली की चित्र फिरलं. एखाद्या कॉलेजचा किंवा छोट्या कंपनीचा सर्व्हर दिवसातला बराच वेळ रिकामाच बसायला लागला. यंत्र मोठं, काम लहान. मग त्याचे भाग पाडायचे कसे?

पहिली भिंत जुनी आहे. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'सीएचरूट' आलं. एखाद्या प्रोग्रॅमला सांगायचं की ही फोल्डर म्हणजेच तुझं सगळं जग. पण ही भिंत पडद्यासारखी होती. आतल्याला रूटचे अधिकार असतील तर तो सहज बाहेर येऊ शकत असे. बाहेरच्या प्रोसेस त्याला दिसायच्या, नेटवर्क तर सगळ्यांचं एकच. २००० मध्ये फ्रीबीएसडीने 'जेल' आणून ही भिंत पक्की केली. पाठोपाठ लिनक्सवर व्हीसर्व्हर आला, सोलारिसमध्ये 'झोन' आले, आणि २००५ मध्ये ओपनव्हीझेड खुलं झालं.

ओपनव्हीझेडपाशी आपण थोडं थांबू, कारण तिथे प्रश्न बदलला. भिंत तर झाली. आता नळाचं पाणी कोणी किती भरायचं? एका बिऱ्हाडाने सगळी मेमरी ओढली की बाकीचे कोरडे. म्हणून ओपनव्हीझेडच्या कर्नलमध्ये हिशेब ठेवणारा एक भाग होता. त्याचं नाव बीनकाउंटर, म्हणजे दाणे मोजत बसणारा कारकून. पुण्यात त्याला आपण फडणीस म्हटलं असतं! प्रत्येक कंटेनरच्या नावावर किती मेमरी, किती प्रोसेस, किती सॉकेट, सगळ्याची नोंद. शेवटच्या रकान्यात एक आकडा असायचा, 'फेलकाउंट' : किती वेळा मागितलं आणि मिळालं नाही. हा तक्ता आतल्या भाडेकरूलाही वाचता येत असे. स्वस्तातले सर्व्हर भाड्याने घेणारे कितीतरी लोक हाच रकाना बघून आपलं दुखणं ओळखायचे.

पण ओपनव्हीझेडची एक अडचण होती. तो मूळ लिनक्सचा भाग नव्हता; कर्नलमध्ये फार मोठे बदल करून तो वेगळा बनवावा लागे. म्हणजे वाडा उत्तम, पण नगरपालिकेच्या नकाशात त्याची नोंदच नाही. दुरुस्ती करायची तर दरवेळी त्याच गवंड्यांना बोलवायचं.

मूळ कर्नलमध्ये ही सोय तुकड्या-तुकड्यांनी आली. भिंतींचं काम 'नेमस्पेस'ने केलं. पहिली नेमस्पेस २००२ मध्ये आली, वापरकर्त्यांची नेमस्पेस पुरी व्हायला २०१३ उजाडलं. हिशेबाचं काम २००६ मध्ये गूगलच्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी हाती घेतलं. त्याचंच पुढे 'सीग्रुप' झालं आणि जानेवारी २००८ च्या २.६.२४ या कर्नलमध्ये ते दाखल झालं. इथे आपल्याकडच्या मंडळींचा वाटा मोठा आहे. प्रोसेसरचा वेळ गटागटांत वाटण्याचं काम श्रीवत्स वड्डागिरी यांनी आणि मेमरीचा हिशेब ठेवण्याचं काम बलबीर सिंग यांनी केलं. दोघेही तेव्हा भारतातल्या आयबीएममध्ये. आज जगात कुठल्याही कंटेनरला मेमरीची मर्यादा घातली जाते, तेव्हा त्या कामाचा धागा इथवर येतो.

तारखा नीट बघा. भिंत १९७९ ची. मूळ लिनक्समध्ये हिशेब आला तो २००८ मध्ये. मध्ये जवळजवळ तीस वर्षं गेली. भिंत घालणं सोपं असतं. वाटणी करणं आणि ती सगळ्यांना मान्य होईल अशी करणं, हे अवघड काम.

पुण्यात या काळाच्या दोन खुणा सापडतात. फेडोराची परिषद, फडकॉन, नोव्हेंबर २०११ मध्ये सीओईपीत भरली. तेव्हा एलएक्ससी कर्नलच्या मदतीने चालत होतं, पण डॉकरचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. तीच परिषद जून २०१५ मध्ये पुन्हा पुण्यात झाली, तोवर 'कंटेनर' हा शब्द ज्याच्या-त्याच्या तोंडी झाला होता. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, व्हिएन्नाच्या प्रॉक्समॉक्सने चौथ्या आवृत्तीत ओपनव्हीझेड सोडून एलएक्ससी घेतलं. होस्ट सांभाळणाऱ्यांसाठी हा मोठा बदल होता. तोपर्यंत ते ओपनव्हीझेडसाठी २.६.३२ या जुन्या कर्नलला बांधलेले होते. आता नवा कर्नल मिळाला. पण किंमतही मोजावी लागली. चालू कंटेनर न थांबवता एका होस्टवरून दुसऱ्या होस्टवर नेण्याची जी सोय ओपनव्हीझेडमध्ये होती, ती गेली. आजही तिथे कंटेनर हलवायचा तर तो थांबवून पलीकडे पुन्हा सुरू करतात. इतिहास नेहमी पुढेच जातो असं नाही!

आता राहिला विश्वासाचा प्रश्न. कंटेनरमधला रूट हा बाहेरचाही रूट असेल, तर भाडेकरूच्या खिशात मालकाच्या किल्ल्या आहेत. अनप्रिव्हिलेज्ड कंटेनरमध्ये आतला शून्य क्रमांकाचा वापरकर्ता बाहेर एक लाख क्रमांकाचा, कसलेच अधिकार नसलेला, साधा माणूस होतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'रनसी'तला दोष उघड झाला. कंटेनरच्या आतून होस्टवरचा प्रोग्रॅमच बदलता येत होता. प्रिव्हिलेज्ड एलएक्ससी कंटेनरनाही त्याचा धोका होता, अनप्रिव्हिलेज्ड मात्र वाचले. प्रिव्हिलेज्ड कंटेनर सुरक्षित मानू नका, असं एलएक्ससीचे कर्ते आधीपासूनच सांगत होते.

मग आज एकाच सर्व्हरवर संस्थेचं सगळं काम चालवणाऱ्याने यातून काय घ्यायचं? ज्याच्यावर पूर्ण भरवसा नाही, ज्याला वेगळा कर्नल किंवा विंडोज हवं, त्याला बंगला द्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. आपल्याच घरच्या सेवांना बिऱ्हाड पुरतं. पण प्रत्येकाला मेमरीची, प्रोसेसरची आणि डिस्कचीही मर्यादा लिहून द्या. डिस्क बऱ्याचदा विसरली जाते. मग एका कंटेनरच्या लॉग फाइली फुगतात, सामायिक जागा भरते आणि शेजारच्या बिऱ्हाडाचा डेटाबेस बंद पडतो. बॅकअप त्याच होस्टवर ठेवू नका. आणि लक्षात असू द्या, कर्नल अपडेट केल्यावर होस्ट रीबूट करावा लागतो, तेव्हा सगळी बिऱ्हाडं एकदम रस्त्यावर येतात. तो वेळ आधी सांगून ठेवा.

वाड्यात भांडणं भिंतीवरून फार झाली नाहीत. झाली ती नळावरून. घरी गेल्यावर आपल्या होस्टवरचा एक-एक कंटेनर उघडून बघा, त्याच्या नावापुढे मर्यादा लिहिलेली आहे का. नसेल, तर आपण अजून १९७९ मध्येच आहोत असं समजायचं.