दुबळे हृदय : पराणी की विसावा?

'हार्टफेल होऊन गेले' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. चालताबोलता माणूस अचानक गेला की आपल्याकडे हाच शब्दप्रयोग होतो. अशा मृत्यूचे कारण बहुतेक वेळा हृदयविकाराचा झटका किंवा ठोक्यांची लय अचानक बिघडणे हे असते. डॉक्टर ज्याला हार्ट फेल्युअर म्हणतात तो आजार वेगळा आहे. त्यात हृदय बंद पडत नाही. ते चालू असते, पण शरीराला हवे तेवढे रक्त पुरवणे त्याला झेपत नाही, किंवा ते पुरवताना हृदयाच्या आतला दाब फार वाढतो. मग जिना चढताना धाप लागते, रात्री आडवे झाले की श्वास कोंडतो, उशाखाली आणखी एक उशी घ्यावी लागते, पावलांवर सूज येते. अशा अवस्थेत माणूस अनेक वर्षे काढतो. या आजाराला आपण या लेखात 'हृदयदौर्बल्य' म्हणू.

हृदयदौर्बल्यावरील उपचारांचा इतिहास विज्ञानशिक्षकांनी मुद्दाम पाहावा असा आहे, कारण त्याच्या मध्यभागी एक अगदी साधा प्रश्न आहे. दमलेल्या बैलाला पराणी टोचून चालवायचे, की त्याच्या मानेवरचे जू उतरवायचे? हृदयाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांना दीर्घकाळ उघड वाटत होते. ते बऱ्याच अंशी चुकीचे होते, आणि ते चुकीचे आहे हे कळायला हजारो रुग्णांची काटेकोर मोजदाद करावी लागली.

वीस वनस्पतींचा काढा

अठराव्या शतकातील युरोपात अंगावर सूज येणे हा एक स्वतंत्र आजार मानला जाई. शरीरात पाणी साठले आहे, ते बाहेर काढा, हा उपचारामागचा विचार. त्यासाठी रक्त काढत, जुलाब देत, पुढे तर सुजलेल्या पायांत बारीक नळ्या खुपसून पाण्याला वाट करून देत.

१७७५ साली विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरकडे एक घरगुती काढा मत देण्यासाठी आला. श्रॉपशायर परगण्यातील एका वृद्ध स्त्रीने तो गुप्त ठेवलेला होता आणि डॉक्टरांनी हात टेकलेले काही रुग्ण त्याने बरे झाल्याचे सांगितले जाई. काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. विदरिंग वनस्पतिशास्त्राचाही जाणकार होता. त्यातली गुणकारी वनस्पती फॉक्सग्लोव्ह, म्हणजे डिजिटॅलिस, हीच असणार हे त्याने ओळखले. पुढची दहा वर्षे त्याने तिच्या मात्रा ठरवण्यात घालवली आणि १७८५ मध्ये आपल्या नोंदी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. त्या नोंदींत गुण आलेल्या रुग्णांबरोबर गुण न आलेले रुग्णही आहेत. फक्त यशस्वी रुग्ण निवडून दाखवले तर वाचकाची फसगत होईल याची त्याला जाणीव होती. औषधाचा हृदयाच्या गतीवर परिणाम होतो हेही त्याने टिपले, परंतु उपयोग मुख्यतः लघवी वाढवण्यासाठी आहे असेच तो समजत होता.

पंपाचे चित्र

हृदय हा पंप आहे आणि त्या पंपाचे नियम मोजता येतात, ही दृष्टी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पक्की झाली. जर्मनीत ओटो फ्रँक यांनी १८९५ मध्ये बेडकाच्या हृदयावर आणि लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी त्यानंतर कुत्र्याच्या हृदयावर प्रयोग केले. हृदय जितके जास्त भरते तितक्या जोराने ते आकुंचन पावते, मात्र एका मर्यादेपर्यंत, हा त्यांचा निष्कर्ष.

जिवंत माणसाच्या हृदयात डोकावणे मात्र अशक्य मानले जाई. १९२९ मध्ये एबर्सवाल्ड या जर्मन गावातील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून एक लांब नळी थेट हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. त्याच वाटेने पुढे आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्‌स यांनी हृदयातील दाब मोजले. १९५६ चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. दुसरी वाट निघाली ती कारखान्यातून. धातूतील दोष शोधण्यासाठी वापरले जाणारे श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र माल्मो येथील जहाजबांधणी कारखान्यातून उसने आणून इंगे एड्लर आणि हेल्मुट हर्ट्‌झ यांनी १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे धडधडत्या हृदयाचे प्रतिध्वनी टिपले. आज ज्याला आपण 'इको' म्हणतो त्या तपासणीचा हा आरंभ.

इकोच्या अहवालात एक आकडा असतो. डाव्या जवनिकेत १२० मिलिलिटर रक्त भरले आणि एका ठोक्यात त्यातले ७२ मिलिलिटर बाहेर पडले, तर हे प्रमाण ६० टक्के झाले. याला उत्क्षेपण-प्रमाण म्हणू. निरोगी माणसात ते साधारणपणे ५० टक्क्यांच्या वर असते, आणि दुबळ्या हृदयात ते २५ किंवा २० टक्क्यांवरही उतरू शकते.

पंपाच्या या चित्रातून एक निष्कर्ष सरळ निघत होता. पंप कमजोर असेल तर त्याचा जोर वाढवा. १९६० च्या दशकात अमेरिकेत युजीन ब्राउनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की हृदयदौर्बल्याच्या रुग्णांत ॲड्रेनॅलिनच्या कुळातील संप्रेरक रक्तात वाढलेले असते. शरीर स्वतःच हृदयाला पराणी टोचत होते. हा आधार काढून घेतला तर रुग्ण कोसळेल असा तर्क होता, आणि काही रुग्णांत तसे घडतही होते. म्हणूनच जेम्स ब्लॅक यांनी त्याच दशकात ॲड्रेनॅलिनचा हृदयावरील परिणाम रोखणारी 'बीटा-ब्लॉकर' औषधे शोधली तेव्हा ती दुबळ्या हृदयाच्या रुग्णाला द्यायची नाहीत, हा नियम ठरून गेला. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या तो पाठ करत आल्या.

सात रुग्ण

१९७५ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. हृदयाचा स्नायू फुगून दुबळा झालेल्या आणि ठोके फार जलद पडणाऱ्या सात रुग्णांना त्यांनी नेमकी निषिद्ध औषधे दिली होती. काही महिन्यांत त्यांची प्रकृती सुधारली, हृदयाचे आकुंचनही सुधारले.

वैद्यकीय जगाचा यावर विश्वास बसला नाही. आज आपण त्या अविश्वासाला हसू नये. रुग्ण सातच, आणि औषध न दिलेल्या रुग्णांचा तुलनेसाठी गट नाही. अशा पुराव्यावर प्रस्थापित नियम मोडायचा नसतो, त्याची परीक्षा घ्यायची असते. ही परीक्षा पूर्ण व्हायला जवळजवळ पंचवीस वर्षे लागली.

दरम्यान पराणी टोचणाऱ्या औषधांचीही परीक्षा झाली. मिलरिनोन हे औषध हृदयाचे आकुंचन जोरदार करते. शिरेतून दिले की काही वेळातच रक्तप्रवाह सुधारतो. मग गोळीच्या रूपात ते रोज का देऊ नये? १,०८८ रुग्णांच्या चाचणीचा निकाल १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणाला औषध आणि कोणाला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवलेले होते. औषध घेणाऱ्या गटात मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी जास्त निघाले आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. तुलनेचा गट नसता तर प्रत्येक डॉक्टरला आपल्यापुरते एवढेच दिसले असते की रुग्ण अत्यवस्थ होता आणि प्रयत्न करूनही तो वाचला नाही.

शरीराची गैरसमजूत

असे का व्हावे? जखम होऊन भरपूर रक्त वाहून गेले तर शरीर काय करते ते पाहू. रक्तदाब घसरतो. मग ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात. काही तास तग धरण्यासाठी ही योजना उत्तम आहे.

दुबळ्या हृदयामुळे रक्तप्रवाह कमी झाला तरी शरीराला वाटते की रक्तस्रावच झाला. तीच आणीबाणी पुकारली जाते, पण ती उठत नाही. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध हृदयाला महिनोन्महिने जोर लावावा लागतो, साठलेल्या पाण्याने ते फुगते, संप्रेरकांच्या सततच्या माऱ्याने स्नायूंच्या पेशी मरतात. मायकेल ब्रिस्टो आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवले की अशा हृदयातील ॲड्रेनॅलिन ओळखणारे ग्राहक-रेणूच कमी झालेले असतात. बैलाला पराणी लागेनाशी झालेली असते.

मग आणीबाणीच उठवली तर? ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून रक्तवाहिन्यांचे आवळणे रोखणाऱ्या औषधांचा एक वर्ग निघाला होता. त्यातल्या एनालाप्रिलची चाचणी फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडन येथील अतिशय आजारी अशा २५३ रुग्णांवर झाली. १९८७ मध्ये आलेल्या निकालानुसार सहा महिन्यांत निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के दगावले, औषध घेणाऱ्यांपैकी २६ टक्के. बीटा-ब्लॉकरचा अखेरचा निवाडा १९९९ मध्ये लागला. बिसोप्रोलोलची २,६४७ आणि मेटोप्रोलोलची ३,९९१ रुग्णांवरील चाचणी, दोन्हींमध्ये मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. जे औषध निषिद्ध होते ते न देणे हीच आता चूक ठरू लागली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. जुने डॉक्टर खोटे पाहत नव्हते. बीटा-ब्लॉकर मोठ्या मात्रेत एकदम दिले तर दुबळे हृदय खरोखरच ढासळते. मात्रा अगदी थोडीशी ठेवून आठवड्या-आठवड्यांनी वाढवावी लागते, आणि हृदयातील सुधारणा दिसायला महिने लागतात. मिलरिनोनचे नेमके उलट: लाभ तासांत, हानी महिन्यांत. म्हणजे वाद केवळ औषधाचा नव्हता. निरीक्षण किती काळ करायचे याचाही होता. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांनाही हा मोह नेहमी होतो. कारण पटले आणि पहिला परिणाम अपेक्षेप्रमाणे आला की पुढे मोजायची गरज वाटत नाही.

आजचे वाद

निदानाची साधने आता सोपी झाली आहेत. ताणलेले हृदय स्वतःच लघवी वाढवणारे एक संप्रेरक रक्तात सोडते. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना ते प्रथम डुकराच्या मेंदूत सापडले, म्हणून त्याच्या नावात मेंदू आला आणि ते 'बीएनपी' झाले. धाप घेऊन आलेल्या रुग्णाचा दोष फुप्फुसात की हृदयात हे ठरवायला त्याची रक्ततपासणी उपयोगी पडते, हे २००२ मध्ये १,५८६ रुग्णांच्या अभ्यासाने दाखवले. पण वय आणि मूत्रपिंडाचे विकार हा आकडा वाढवतात, लठ्ठपणा तो कमी करतो. तपासणी डॉक्टरच्या विचाराला मदत करते, त्याची जागा घेत नाही.

मोठा वाद उत्क्षेपण-प्रमाणाचा आहे. सुमारे निम्म्या रुग्णांत हा आकडा चांगला, ५० टक्के किंवा अधिक असतो, तरीही धाप आणि सूज असतेच. त्यांचे हृदय पिळते ठीक, पण ताठर असल्याने नीट भरत नाही. वर सांगितलेल्या औषधांचा तसा ठळक लाभ त्यांच्यात दिसला नाही. मदत आली ती अनपेक्षित दिशेने. लघवीतून साखर बाहेर टाकणारी मधुमेहाची काही औषधे आहेत. त्यांचा पूर्वज असलेला पदार्थ १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून वेगळा केला गेला होता. त्यातल्या डापाग्लिफ्लोझिनने २०१९ मध्ये ४,७४४ दुबळ्या हृदयाच्या रुग्णांत आजार बळावणे किंवा हृदयविकाराने मृत्यू येणे २६ टक्क्यांनी कमी केले, आणि यातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना मधुमेह नव्हताच. २०२१ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनने प्रमाण ४० टक्क्यांच्या वर असलेल्यांनाही लाभ दिला. तो मुख्यतः रुग्णालयात भरती होणे टळण्याचा होता, मृत्यू टळण्याचा स्पष्ट नव्हता. ही औषधे हृदयाला नेमकी कशी मदत करतात यावर अजून एकमत नाही.

विदरिंगच्या वनस्पतीचेही प्रकरण मिटलेले नाही. १९९७ मध्ये ६,८०० रुग्णांच्या चाचणीत डिगॉक्सिनने भरती कमी केली, मृत्यू नाही. २०२५ मध्ये जर्मन संशोधकांच्या चाचणीत त्याच्या भावंडाने, डिजिटॉक्सिनने, थोडा लाभ दाखवला आणि चर्चा पुन्हा सुरू झाली.

आणखी एक प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो: बरे वाटू लागले, इकोही सुधारला, आता गोळ्या बंद करू का? लंडनमध्ये अशाच ५१ रुग्णांची परीक्षा झाली आणि २०१८ मध्ये निकाल आला. देखरेखीखाली औषधे थांबवलेल्यांपैकी ४४ टक्क्यांचा आजार सहा महिन्यांत परतला, चालू ठेवलेल्यांपैकी एकाचाही नाही. आजार दबला होता, गेला नव्हता.

हा निकाल आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. तिरुवनंतपुरम येथे २०१३ मध्ये १,२०५ रुग्णांची नोंद झाली, त्यांचे सरासरी वय ६१ होते. पाश्चात्त्य नोंदींतील रुग्णांपेक्षा आपले रुग्ण सुमारे दहा वर्षांनी तरुण असतात. शिवाय आपल्याकडे एक कारण शाळेच्या वयातच सुरू होते. घसा दुखण्याच्या एका जिवाणूजन्य आजारानंतर संधिवाताचा ताप येऊन झडपा खराब होतात, आणि वेळीच दिलेल्या पेनिसिलिनने तो टळू शकतो. वारंवार घसा दुखून ताप आणि सांधेदुखी होणारे मूल वर्गात दिसले तर पालकांना डॉक्टरकडे पाठवायला हवे.

वर्गात हा इतिहास सांगताना मुलांना आधी विचारून पाहा: दुबळ्या हृदयाला जोर देणारे औषध द्याल की जोर कमी करणारे? बहुतेक हात पहिल्या बाजूला वर होतील. त्यांना लगेच चूक म्हणू नका. आता तुमचे उत्तर तपासाल कसे, किती जणांवर, कोणाशी तुलना करून आणि किती दिवस, एवढेच पुढे विचारा.