लाईन आली तेव्हा

शनिवार, दुपारी १ : सोळा तास शिल्लक

भर उन्हाळ्यातला नवतपा लागून तीन दिवस झाले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि शेजाऱ्यांच्या फाटकासमोर सामानाचा ट्रक उभा होता. त्यांची पुण्याला बदली झालेली. सगळं घर खोक्यांत गेलं, राहिली ती त्यांच्या मुलीची अडीच फुटी काचेची टाकी. तिच्यात आठ मासे होते: दोन गोल्डफिश, पाच टायगर बार्ब आणि एक सकर. हा सकर दोन इंचांचा असताना ‘काच साफ करतो’ म्हणून दुकानातून आला होता, आता फूटभर झाला होता. एवढा मोठा परत घ्यायला कोणी दुकानदार तयार होईना.

ट्रकवर माल चढवणाऱ्या पोरानं सोपा उपाय सांगितला. “फुटाळ्यात सोडून द्या ना भाऊ, तलावातच तर राहते मासोळी.”

असं सोडून दिल्यानं काय होतं ते उजनी धरणाच्या मच्छीमारांना विचारावं. त्यांच्या जाळ्यात आता हाच दक्षिण अमेरिकेचा काटेरी पाहुणा येतो. जाळं फाटतं आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. आमच्या नागपुरात, फुटाळ्यावर किंवा अंबाझरीवर, मला ते नको होतं. मुलगी टाकीकडे बघत उभी होती. मी म्हटलं, “माझ्याकडे ठेवतो.”

हा निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही. चुकलं ते त्यानंतरचं सगळं.

मासे एक वाजता पिशव्यांत भरले. दुकानात पिशवी बांधताना सिलिंडरमधून ऑक्सिजन भरतात. इथं होती ती नुसती हवा.

संध्याकाळी ६ : अकरा तास शिल्लक

ट्रक निघेपर्यंत पिशव्या शेजाऱ्यांच्या मोरीत सावलीला होत्या. माझ्या घरात आल्या तेव्हा पाच तास होऊन गेले होते.

माझी टाकी चार फुटी, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, चार वर्षांची. वाळू आणि दगड वजा केले तर पाणी साधारण सव्वादोनशे लिटर. एंजलची जोडी, आठ काळे टेट्रा, दोन मोती गुरामी, सहा कोरी, मागे व्हॅलिसनेरियाचं दाट रान आणि मधोमध ॲमेझॉन स्वॉर्डची रुंद पानं. एंजल मी रुपयाच्या नाण्याएवढे आणले होते. गेली दोन वर्षं ती जोडी स्वॉर्डच्या एकाच पानावर अंडी घालत होती. आधी दोघं मिळून पान तोंडानं घासून स्वच्छ करत, मग मादी ओळीनं अंडी चिकटवत जाई, नर तिच्या मागोमाग. पुढचे दोन दिवस दोघं आळीपाळीनं पंखांनी पाणी हलवत पानासमोर उभे राहत, अंड्यांना ताजं पाणी लागावं म्हणून. मी ऑफिसला उशीर करून ते बघत बसायचो.

अशा जुन्या टाकीवर माणसाचा फार विश्वास बसतो. पाणी काचेसारखं, अमोनियाची चाचणी केली की शून्य. पण ते शून्य म्हणजे टाकीचा कायमचा गुण नसतो. फिल्टरच्या स्पंजमधले जिवाणू माशांच्या मलमूत्रातला अमोनिया खाऊन त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. रोज जेवढं खायला मिळतं तेवढ्याच संख्येनं ते असतात. अठरा लहान माशांवर पोसलेली ही वस्ती एका रात्रीत फूटभर सकर आणि दोन मुठीएवढे गोल्डफिश सांभाळू शकत नाही. तिला वाढायला काही आठवडे लागतात.

हे मला माहीत होतं. माळ्यावर प्लास्टिकचा मोठा टब होता आणि जास्तीचा एअर पंपही होता. नवे मासे दोन-तीन आठवडे टबमध्ये वेगळे ठेवायचे आणि मग एकेक करून टाकीत घ्यायचे, हा नियम मी स्वतः इतरांना सांगत आलो आहे. त्या संध्याकाळी मला माळ्यावर चढायचा कंटाळा आला. आणि ती मुलगी स्टेशनवर निघण्याआधी मासे पोहताना बघून जाणार होती.

सव्वासहा ते सव्वासात

पिशव्या टाकीत तरंगत ठेवल्या, तोंडं उघडली आणि दर दहा मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी आत ओतत गेलो. दुकानातून दहा मिनिटांत घरी आणलेल्या माशासाठी हे बरोबर आहे. पाच तास कोंडलेल्या माशासाठी ते घातक ठरू शकतं. बंद पिशवीत माशांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लाकडे झुकतं आणि त्यामुळे साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो. मग वरून माझ्या टाकीचं अल्कधर्मी पाणी. पीएच एकानं वाढला की अमोनियाचा विषारी हिस्सा जवळजवळ दहापट होतो. तासभर मी प्रेमानं वाटी वाटी पाणी ओतत होतो आणि गोल्डफिशचे कल्ले त्यात भाजत होते. अशा माशांना तापमान जुळलं की जाळीनं उचलून थेट टाकीत सोडावं आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतावं.

सव्वासातला आठही मासे टाकीत होते. मुलीनं टाळ्या वाजवल्या. सकर सरळ मागच्या काचेला जाऊन चिकटला.

रात्री ८ : नऊ तास शिल्लक

टायगर बार्ब लगेच एंजलच्या लांब पंखांमागे लागले. ते उड्याही मारतात, म्हणून एरवी अर्धवट सरकवून ठेवायचो ती झाकणाची काच मी पूर्ण लावली. टाकीला जास्त पाणी मिळावं म्हणून ड्रममधलं सगळं पाणी ओतून ती काठोकाठ भरली. झाकण आणि पाणी यांच्यामध्ये बोटभर जागा राहिली. फिल्टरची धार आधी वरून पडून पाणी खळखळवायची, ती आता पाण्याखाली गेली. आवाज बंद झाला. घरच्यांना बरं वाटलं, मलाही.

तो आवाज म्हणजे टाकीचा श्वास होता. पाण्यात ऑक्सिजन शिरतो तो पृष्ठभागावरून, आणि पृष्ठभाग हलता असेल तरच पुरेसा शिरतो.

ड्रमचं सांगायला हवं. नागपूरला नळाला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं, क्लोरीन घातलेलं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून ते चहाच्या आधणासारखं उतरतं. म्हणून मासे पाळणारी माणसं ड्रम भरून दिवसभर सावलीत ठेवतात. माझा ड्रम आता रिकामा झाला होता.

साडेनऊ

नव्या पाहुण्यांनी खावं म्हणून दुप्पट खाद्य टाकलं. बार्ब तुटून पडले, गोल्डफिशनी तोंडही लावलं नाही. उरलेलं वाळूत जाऊन बसलं. थर्मामीटर ३२ अंश दाखवत होता.

याच आकड्यापाशी मी थांबायला हवं होतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांत सव्वासातच्या आसपास. माशाची गरज मात्र उलटी चालते, तापमान दहा अंशांनी वाढलं की ती सुमारे दुप्पट होते. माझ्या अख्ख्या टाकीत, अगदी भरलेला धरला तरी, पावणेदोन ग्रॅमच्या वर ऑक्सिजन नव्हता. सव्वीस मासे, रात्री स्वतःच ऑक्सिजन घेणारी झाडं, फिल्टरमधले जिवाणू आणि कुजायला लागलेलं खाद्य, सगळ्यांत मिळून पावणेदोन ग्रॅम. फिल्टर चालू असेपर्यंत येणं आणि जाणं कसंबसं जुळत होतं.

दहाला दिवा बंद केला.

रविवार, रात्री १ वाजून १० मिनिटं : चार तास शिल्लक

लाईन गेली.

कूलर घरघरत थांबला आणि त्या शांततेनंच सगळे जागे झाले. इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि दोन दिवे आहेत. टाकीचा प्लग साध्या बोर्डावर. तीस-चाळीस मिनिटांत येईल म्हणता म्हणता घर तापायला लागलं, तेव्हा चटया, उशा आणि पाण्याचा माठ घेऊन आम्ही गच्चीवर निघालो.

जिना टाकीच्या बाजूनंच वर जातो. मी मोबाइलचा टॉर्च काचेवर मारला. एंजल दोघंही वर होते, तोंडं पाण्याच्या कडेला लावून. टेट्राही वरच. मला बघितलं की ते वर येतात, चार वर्षांची सवय आहे. मला वाटलं, उजेड बघून आले. खाद्य मागतायत.

ते हवा मागत होते. बघून दहा सेकंदांत मी वर गेलो.

भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर मासेमारी करणाऱ्या ढिवरांना ही खूण लहानपणापासून ठाऊक असते. उन्हाळ्यात पाणी आटलं की पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडबंद करतात. रात्रभर पाणवनस्पतींनीही ऑक्सिजन ओढलेला असतो, सूर्य उगवायच्या आधीची वेळ सगळ्यात वाईट. मी ही गोष्ट लेखात वाचली आहे, तलावावर उभं राहून ऐकली आहे. माझ्या बैठकीत ती घडत होती तेव्हा मला ती ओळखू आली नाही.

त्या क्षणी झाकण सरकवलं असतं आणि मगानं पाणी काढून फूटभर उंचीवरून परत ओतत बसलो असतो, दर पाच-दहा मिनिटांनी, तर ते वाचले असते. मग हाताशी होता. रात्र मोठी होती, पण माणसंही चार होतो.

पहाटे ३ : दोन तास शिल्लक

गच्चीवर वाऱ्याची झुळूक सुटली. मला गाढ झोप लागली. खाली काय झालं ते नंतर मासे मोजून जुळवलं आहे. मोठा मासा आधी जातो, कारण त्याच्या देहाला ऑक्सिजन जास्त लागतो आणि तो कमी झालेल्या पाण्यातून त्याला ओढता येत नाही. गोल्डफिशचे कल्ले आधीच भाजलेले. मग एंजल.

पहाटे ५ वाजून १० मिनिटं

लाईन आली. रस्त्यावरचा दिवा पेटला, खालून कूलरचा आवाज आला. कोणीतरी अंथरुणातूनच “आली बाप्पा” म्हटलं. मला हायसं वाटलं आणि मी कूस बदलली.

त्याच क्षणी कपाटातला कॅनिस्टर फिल्टर सुरू झाला. हा फिल्टर म्हणजे बंद डबा. पाणी वाहायचं थांबलं की आतला ऑक्सिजन थोड्या वेळात संपतो. ऑक्सिजनवर जगणारे कामाचे जिवाणू मरू लागतात आणि साठलेला गाळ सडू लागतो. त्यात माझा फिल्टर धुवायचा राहिला होता. चार तास कोंडलेलं ते पाणी लाईन येताच टाकीत ढकललं गेलं. जे अजून तग धरून होते त्यांच्यावर. लाईन बराच वेळ गेली असेल तर फिल्टरचा प्लग काढून ठेवावा, डबा उघडून धुवावा आणि मगच सुरू करावा. तोवर बॅटरीवरचा छोटा एअर पंप टाकीचं काम भागवतो. तो पंप मी आता घेतला आहे.

सव्वासहा

पाणी धुरकट झालं होतं. झाकण काढलं तर कुबट वास आला. दोन्ही गोल्डफिश पोट वर करून. टेट्रांपैकी पाच, बार्बपैकी तीन. एंजलची मादी झाडांमध्ये आडवी अडकली होती. नर स्वॉर्डच्या त्या पानाखाली होता. दोघांचीही तोंडं उघडी, कल्ल्यांची झापडं ताणलेली.

आणि गुरामी दोन्ही जिवंत. सहाही कोरी जिवंत. सकर काचेला, जसा रात्री होता तसा.

ही यादी समोर आली तेव्हा मला सगळं कळलं. गुरामीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक खास इंद्रिय असतं, त्यानं ती थेट हवा घेते. कोरी हवेचा घोट गिळून आतड्यातून ऑक्सिजन शोषते, सकर तेच जठरातून करतो. आपल्याकडचे मरळ आणि मागूर बाजारात ओंजळभर पाण्यात तासन् तास जिवंत दिसतात, तेही अशाच हवेवर. माझ्या टाकीत ज्याला वरची हवा घेता येत होती तो जगला होता. उरलेल्यांत तीन टेट्रा आणि दोन बार्ब, अगदी लहान, फिल्टरच्या तोंडापासून सगळ्यात दूरच्या कोपऱ्यात.

निम्मं पाणी बदलायला हवं होतं आणि ड्रम कोरडा होता. शेवटी बादल्यांमध्ये नळाचं पाणी भरलं, अँटी-क्लोरीनचे थेंब टाकले, बाहेरून बर्फाच्या पिशव्या लावून ते थंड केलं आणि सकाळभर बादली बादली करत टाकीत घातलं. माळ्यावरचा टब खाली आणला. सकर आणि दोन बार्ब त्यात गेले, एअर पंपासह.

दहाच्या सुमारास पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. मुलीला मासे बघायचे होते. मी आधी फोन टबवर धरला. “सकर वेगळा का ठेवला, काका?” तिनं विचारलं. मग म्हणाली, “आता गोल्डफिश दाखवा.”

मी फोन खाली ठेवला नाही. काय झालं ते तिला सांगितलं, झाकणाचंही, आणि रात्री टॉर्च मारून मी वर निघून गेलो तेही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मागून तिच्या आईचा आवाज येत होता.

“सकरला काकडी आवडते,” ती शेवटी म्हणाली. “पण ती बुडत नाही. चमचा बांधावा लागतो.”