बालकाची साक्ष

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दीडएक दशकात इंग्रजी चित्रपट एका प्रसंगाकडे पुनःपुन्हा वळलेला दिसतो. एखादे मूल मृत्यूचे वा गुन्ह्याचे साक्षीदार होते, आणि भोवतालच्या वडीलधाऱ्यांना त्याचे म्हणणे उमगत नाही. उत्कंठा वाढविण्याचे हे एक साधन होते, हे खरेच. परंतु या चित्रपटांतील निवडक कृती शेजारी ठेवून पाहिल्या, तर प्रौढांच्या जगात बालकाच्या शब्दाला मोल काय, हा प्रश्न त्यांत उत्तरोत्तर अवघड होत गेल्याचे आढळते.

या प्रश्नाचे सर्वांत सरळ रूप टेड टेट्झलाफ यांच्या ‘द विंडो’त (१९४९) आहे. न्यू यॉर्कमधील दाटीवाटीच्या वस्तीत राहणारा टॉमी थापाड्या म्हणून ठाऊक आहे. उकाड्याच्या रात्री इमारतीबाहेरील लोखंडी जिन्यावर निजला असता तो शेजाऱ्यांच्या हातून झालेला खून पाहतो. पण त्याच्यावर कोणीच विश्वास ठेवीत नाही. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीचेच हे नागर रूप होय. मात्र एक प्रसंग त्या गोष्टीच्या पलीकडे जातो. मुलाला वळण लागावे म्हणून आई त्याला त्याच शेजाऱ्यांची क्षमा मागावयास नेते. तिच्या सद्भावनेमुळेच संकट मुलाच्या दाराशी येते.

कॅरल रीड यांचा ‘द फॉलन आयडॉल’ (१९४८) एक वर्ष आधीचा असूनही विचाराने पुढचा आहे. ग्रॅहम ग्रीन यांच्या मूळ कथेत मुलाच्या बोलण्याने त्याचा लाडका बटलर बेन्स पकडला जातो. पटकथेत हा व्यूह पालटला आहे. येथे बेन्सच्या पत्नीचा मृत्यू अपघाती असतो. पण त्यानेच तिला ढकलले अशा समजुतीने राजदूताचा मुलगा फिलिप त्याला वाचविण्यासाठी खोटे बोलतो, आणि त्या खोट्यामुळेच संशय बळावतो. शेवटी एका पाऊलखुणेवरून पोलीस बेन्सला निर्दोष ठरवितात. ती खूण आधीचीच आहे, हे खरे सांगावयास फिलिप धडपडतो, तेव्हा मात्र कोणाला ऐकावयास सवड नसते. निर्णय बरोबर, पण त्याचा पुरावा चुकीचा. आणि हे जाणणारा एकटा बालक!

जे. ली टॉम्सन यांच्या ‘टायगर बे’त (१९५९) कार्डिफ बंदरावरील गिली आपल्या खलाशी मित्रासाठी जाणूनबुजून खोटे बोलते. ब्रायन फोर्ब्स यांच्या ‘व्हिसल डाउन द विंड’मध्ये (१९६१) लँकाशरच्या शेतावरील मुले गोठ्यात लपलेल्या फरारी गुन्हेगाराला येशू समजतात.

पहिल्या चित्रपटात बालक बरोबर होते आणि प्रौढ चुकले होते. शेवटच्या चित्रपटात वस्तुस्थिती प्रौढांच्या बाजूची आहे. तरीही दोघांमधील अंतर तेवढेच राहते. यावरून गैरसमजाचे मूळ माहितीच्या खरेखोटेपणात नाही, असे म्हणावे लागते. प्रौढ मुलाकडे पुरावा मागतात. मूल मात्र एक नाते जपत असते. केवळ मुले मध्यवर्ती आहेत म्हणून या कृतींना बालचित्रपटांच्या सदरात टाकणे समीक्षेला शोभणारे नाही. त्यांत खरी परीक्षा आहे ती ऐकणाराची.